सी लायब्ररीची प्रत्येक प्लॅटफॉर्मवर आपोआप चाचणी कशी लावायची

फाइल, थ्रेड, सॉकेट आणि मेमरी मॅपिंग हाताळणारी सी लायब्ररी तुमच्या लिनक्स लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट पास करते, तेव्हा ती त्या लॅपटॉपवर चालते एवढंच सिद्ध झालेलं असतं. तोच कोड ६४ बिटी विंडोजवर नेला की ८ बाइटचा ‘लाँग’ ४ बाइटचा होतो. ॲपल सिलिकॉनवर मेमरीचं पेज ४,०९६ ऐवजी १६,३८४ बाइटचं असतं. अल्पाइन लिनक्समध्ये नव्या थ्रेडचा स्टॅक ८ एमबीवरून थेट १२८ केबीवर येतो. हे सगळं दर बदलानंतर हाताने तपासणं कुणाच्याच आवाक्यातलं नाही, म्हणून ते काम यंत्रावर सोपवायचं. खालची मांडणी सीमेक (बिल्ड लावणारं साधन), सीटेस्ट (त्याचाच टेस्ट चालवणारा भाग) आणि गिटहब ॲक्शन्स (गिटहबची सीआय, म्हणजे प्रत्येक बदलानंतर कोड आपोआप बिल्ड करून तपासणारी सेवा) धरून दिली आहे. दुसरी सीआय वापरत असाल तर फाइलचं व्याकरण बदलेल, बाकी सगळं तसंच लागू पडेल.

आधी घरी चालायला हवं

सुरुवात सीआयच्या यामल फाइलपासून (सीआयने काय चालवायचं ते जिथे लिहितात) करू नका. ताज्या क्लोनमध्ये तीन आज्ञा दिल्या की टेस्ट चालल्या पाहिजेत: कॉन्फिगर, बिल्ड, टेस्ट. सीमेकच्या प्रीसेट फाइलमध्ये प्रत्येक प्लॅटफॉर्मचा वेगळा प्रीसेट (नाव दिलेला सेटिंगचा संच) लिहा आणि यामलमध्ये फक्त त्या प्रीसेटचं नाव येऊ द्या. कंपायलरचे फ्लॅग, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, वगळायच्या टेस्टची यादी हे यामलमध्ये साठत गेलं, की सीआयवर पडलेली टेस्ट घरी चालवून बघता येत नाही. मग नुसता लॉग बघण्यासाठी कमिटवर कमिट ढकलत बसावं लागतं.

ही साखळी हिरवी (म्हणजे पास) दिसूनही आतून पोकळ असू शकते. पुढच्या पाच जागा पहिल्याच दिवशी बुजवा.

१. टेस्टमध्ये सी भाषेचा नेहमीचा ‘ॲसर्ट’ वापरला असेल आणि बिल्डचा प्रकार ‘रिलीज’ असेल, तर सीमेक स्वतःहून ‘एनडीबग’ डिफाइन करतं आणि सगळे ॲसर्ट नाहीसे होतात. टेस्ट चालते, काहीही तपासत नाही आणि पास होते. त्याऐवजी स्वतःचा ‘चेक’ मॅक्रो लिहा: अट खोटी निघाली की फाइलचं नाव, ओळ आणि दोन्ही किमती छापायच्या आणि १ या कोडने बाहेर पडायचं. दहा ओळींचं काम आहे. लिहून झाल्यावर मुद्दाम एक खोटी अट घाला आणि प्रत्येक प्लॅटफॉर्मवर लाल होतंय ना, हे डोळ्यांनी बघा.

२. सीटेस्टला एकही टेस्ट सापडली नाही, तरी तो तसं छापून यशस्वी कोड परत देतो. ‘नो-टेस्ट्स’ या पर्यायाला ‘एरर’ अशी किंमत द्या.

३. व्हिज्युअल स्टुडिओ जनरेटर एकाच बिल्डमध्ये अनेक कॉन्फिगरेशन ठेवतो, त्यामुळे ‘सीमेक बिल्ड टाइप’कडे तो बघतही नाही. बिल्ड करताना ‘कॉन्फिग’ आणि टेस्ट चालवताना मोठा ‘सी’ पर्याय देऊन ‘रिलीज’ किंवा ‘डिबग’ स्पष्ट सांगावं लागतं.

४. सीटेस्टची मूळ वेळमर्यादा टेस्टमागे १,५०० सेकंद आहे, म्हणजे एका डेडलॉकमागे २५ मिनिटं वाया. टेस्टला ३० सेकंद आणि पूर्ण जॉबला (सीआयच्या एका यंत्रावरच्या एका फेरीला) २० मिनिटं ठेवा. जॉबची मर्यादा लिहिली नाही तर गिटहब ३६० मिनिटं वाट बघतं.

५. विंडोजच्या डिबग बिल्डमध्ये ‘अबॉर्ट’ झालं की संवादखिडकी उघडते आणि बटण दाबायला तिथे कुणी नसतं. जॉब लटकून राहतो. टेस्टच्या ‘मेन’मध्ये सुरुवातीलाच ‘सेट अबॉर्ट बिहेविअर’ आणि ‘सेटएररमोड’ वापरून या खिडक्या बंद करा.

मॅट्रिक्समध्ये काय घ्यायचं

मॅट्रिक्स म्हणजे टेस्ट जिथे चालवायच्या त्या प्लॅटफॉर्मची यादी, एकेका ओळीत एकेक. ही यादी ऑपरेटिंग सिस्टिमच्या नावांवरून करायला गेलं की उबुंटूच्या तीन आवृत्त्या, फेडोरा आणि डेबियन अशा पाच ओळी भरतात आणि पाचही ओळी तीच गोष्ट तपासतात. यादी फरकांवरून करा. प्रत्येक ओळ घालताना विचारा: ही ओळ अशी कोणती चूक पकडते, जी बाकीच्या पकडत नाहीत? उत्तर देता आलं नाही तर ओळ काढा.

या कसोटीवर बहुतेक सिस्टिम लायब्ररींना आठ ओळी पुरतात.

उबुंटू २४.०४, एक्स८६-६४, जीसीसी आणि क्लँग दोन्ही. ही पायाची ओळ. बाकी सगळं इथे तुटलं नाही तरच बघण्यात अर्थ आहे.

उबुंटू २४.०४ आर्मवर. सार्वजनिक रिपॉझिटरींना गिटहब हे रनर (जॉब चालवणारं यंत्र) देतं. इथे दोन वेगळ्या गोष्टी तपासल्या जातात. एक म्हणजे ‘कॅर’ हा प्रकार आर्म लिनक्सवर मुळात अनसाइन्ड असतो. ‘कॅर’मध्ये उणे १ साठवून नंतर उणे १ शी तुलना करणारा लूप इथे कधीच थांबत नाही. ॲपलच्या आर्मवर मात्र ‘कॅर’ साइन्डच आहे, त्यामुळे मॅकची ओळ आहे म्हणून ही गाळता येत नाही. दुसरी गोष्ट मेमरी ऑर्डरिंगची. एक्स८६ प्रोसेसर लिहिण्याचा क्रम कडक पाळतो. ‘रिलॅक्स्ड’ लिहून जिथे ‘रिलीज’ हवं होतं ती चूक तिथे वर्षानुवर्षं लपून राहते आणि आर्मवर उघडी पडते.

मॅकओएस १५, ॲपल सिलिकॉन. १६ केबीचं पेज, अनेक सॉकेटवर एकदम लक्ष ठेवायला ‘ईपोल’ऐवजी ‘केक्यू’, आणि लिनक्सवर गृहीत धरलेली काही कॉल इथे नसणं.

विंडोज, एमएसव्हीसी. ‘लाँग’ ४ बाइट, हँडल वेगळे, फाइलचे नियम वेगळे.

अल्पाइनचा कंटेनर, मसल या तिथल्या सी लायब्ररीसाठी. थ्रेडमध्ये २५६ केबीचा स्थानिक ॲरे घेतलात तर इथे कुठलाही संदेश न येता ‘सेगफॉल्ट’ होतो. थ्रेड बनवताना स्टॅकचा आकार स्वतः ठरवून द्या, उदाहरणार्थ १ एमबी.

३२ बिटी बिल्ड. त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. उबुंटूवर जीसीसीचं मल्टिलिब पॅकेज टाकून ‘एम३२’ फ्लॅग दिला की पुरे. फाइल ऑफसेट २ जीबीवर गुंडाळला जाणं आणि ३२ बिटी ‘टाइम टी’ १९ जानेवारी २०३८ रोजी उलटणं, दोन्ही इथे दिसतं. ३ जीबीची फाइल प्रत्यक्ष लिहू नका. ‘एफट्रंकेट’ने विरळ फाइल बनवा आणि शेवटचा एक बाइट लिहून वाचा.

एस३९०एक्स (आयबीएमच्या मेनफ्रेमचं आर्किटेक्चर), क्यूएमू या एम्युलेटरखाली. बिग एंडियनसाठी, म्हणजे संख्येचा मोठा बाइट आधी साठवणाऱ्या यंत्रांसाठी.

फ्रीबीएसडी. गिटहबचं स्वतःचं रनर नाही. उबुंटू रनरच्या आत व्हर्च्युअल मशीन उठवणारी तयार ॲक्शन मिळते, ती वापरा. बॅश मूळ सिस्टिममध्ये नसतो, ‘मेक’ बीएसडीचा असतो आणि पॅकेजमधून आलेले हेडर ‘यूएसआर लोकल’खाली जातात, जिथे तिथला कंपायलर आपणहून बघत नाही. पहिल्या दिवशीच्या निम्म्या चुका या तीन कारणांनी येतात.

दोन सेटिंग विसरू नका. ‘फेल फास्ट’ मुळात चालू असतं आणि एक जॉब पडला की बाकीचे रद्द करतं. ते बंद ठेवा. एकटं विंडोज पडलं का सगळंच पडलं, हे कळणं हेच तर निदानाचं पहिलं पाऊल आहे. आणि रनरचं नाव ‘लेटेस्ट’ न लिहिता आवृत्तीसह लिहा, नाहीतर कोडला हात न लावता एका सकाळी बिल्ड लाल दिसतं.

टेस्ट लिहिताना

एरर कोडची संख्या कधीही लिहू नका. ‘ईअगेन’ लिनक्सवर ११ आहे आणि मॅक व बीएसडीवर ३५. ‘ईटाइमडआउट’ ११० आणि ६०. तुलना नावाशीच करा आणि संदेश छापताना संख्या व नाव दोन्ही छापा.

पेजचा आकार ‘सिसकॉन्फ’ला विचारा. ऑफसेट ४,०९६ देऊन ‘एममॅप’ केलं की ॲपल सिलिकॉनवर ‘ईइनव्हॅल’ मिळतो. विंडोजवर आणखी एक पेच आहे: पेज ४,०९६ बाइटचंच असतं, पण फाइल मॅप करताना ऑफसेट ६५,५३६ च्या पटीत लागतो. तिथे ‘पेज साइज’ विचारून चालत नाही, ‘ॲलोकेशन ग्रॅन्युलॅरिटी’ विचारावी लागते. मॅपिंगच्या टेस्टमध्ये ऑफसेट म्हणून शून्य, एक एकक आणि तीन एककं अशा तिन्ही किमती घ्या. फक्त शून्य घेतलंत तर यातलं काहीच सापडत नाही.

मॅकवर युनिक्स सॉकेटची टेस्ट ‘बाइंड’लाच पडते आणि कारण पटकन लक्षात येत नाही. सॉकेटच्या पाथला लिनक्सवर १०८ बाइट मिळतात, मॅक आणि फ्रीबीएसडीवर १०४. त्यात मॅकची तात्पुरती डिरेक्टरी ‘व्हार फोल्डर्स’खाली लांबलचक नावाची असते. त्यापुढे टेस्टचं नाव आणि प्रोसेस क्रमांक जोडला की मर्यादा ओलांडलीच. सॉकेटसाठी थेट ‘टेम्प’खाली चार-पाच अक्षरांचं नाव घ्या. पण हेही लक्षात असू द्या की मॅकवर ‘टेम्प’ ही ‘प्रायव्हेट टेम्प’कडे जाणारी सिमलिंक आहे. पाथची तुलना करण्याआधी दोन्ही बाजू ‘रिअलपाथ’मधून काढा.

मॅकवर ‘पाइप-टू’ आणि ‘ॲक्सेप्ट-फोर’ नाहीत, म्हणून क्लोज-ऑन-एक्झेकचा फ्लॅग (नवा प्रोग्राम सुरू होताना फाइल आपोआप बंद करणारा) वेगळ्या कॉलने लावावा लागतो. निनावी सेमाफोरचं हेडर आहे, कोड कंपाइलही होतो, पण ‘सेम इनिट’ चालताना ‘ईनोसिस’ देतो. कंपाइल झालं म्हणजे आहे असं धरून चालणारी तपासणी इथे फसते.

विंडोजवर उघडी असलेली फाइल सहसा पुसता येत नाही आणि साधं ‘रीनेम’ आधीच्या फाइलवर लिहीत नाही. टेस्ट संपताना सगळे हँडल बंद करूनच डिरेक्टरी पुसा. सीआरएलएफचा (विंडोजवर ओळीच्या शेवटी एकाऐवजी दोन बाइट येण्याचा) घोळ टाळायला ‘गिट ॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये टेस्टच्या डेटा फाइलींना बायनरी म्हणून नोंदवा, नाहीतर चार ओळींची, १०० बाइटची अपेक्षित फाइल विंडोजवर १०४ बाइटची येते.

फाइलनावांची टेस्ट मराठीतच लिहा. आपल्या वाचकांच्या फोल्डरांना मराठी नावं असतातच, शिवाय देवनागरी ही इथली सर्वात कडक परीक्षा आहे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. ईएक्सटी४ वर नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे ८५ चिन्हं. एनटीएफएसवर मर्यादा २५५ यूटीएफ-१६ एककांची आहे, तिथे १०० चिन्हांचं नाव सहज बसतं. १०० चिन्हांची टेस्ट लिनक्सवर ‘ईनेमटूलाँग’ देते आणि विंडोजवर पास होते, तर ते बरोबरच आहे. लायब्ररीने हा फरक न दडवता वापरणाऱ्यापर्यंत पोचवला पाहिजे.

आता ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला ‘ऱ’ दोन प्रकारे साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. पहिला शब्द २१ बाइटचा, दुसरा २४ बाइटचा. दोन्ही नावांनी फाइल बनवली तर ईएक्सटी४ आणि एनटीएफएसवर दोन फाइली होतात. मॅकच्या एपीएफएसवर एकच होते, कारण ती फाइल सिस्टिम नावं जुळवताना हा भेद धरत नाही. फाइलनाव ‘की’ म्हणून वापरणारा कॅश इथे हमखास गडबडतो, आणि इंग्रजी नावांच्या शंभर टेस्ट लिहूनही हे दिसत नाही. विंडोजवर याच टेस्टमध्ये ‘एफओपन’ला यूटीएफ-८ नाव दिलंत तर फाइल भलत्याच नावाने बनते. देवनागरीला जुनं ‘एएनएसआय’ कोडपेज नाही, म्हणून ‘क्रिएटफाइल’चं रुंद अक्षरांचं रूपच वापरा.

वेळेच्या टेस्टसाठीही आपलं घड्याळ कामाचं आहे. रनर यूटीसीवर चालतात आणि फरक पूर्ण तासांचाच असतो असं मानणारा कोड तिथे कधीच पकडला जात नाही. भारतीय वेळेचा फरक १९,८०० सेकंदांचा आहे, तो तपासा. ‘टीझेड’मध्ये ‘आशिया/कोलकाता’ लिहू नका: विंडोजच्या सी रनटाइमला हे नाव कळत नाही आणि अल्पाइनच्या मूळ प्रतिमेत टाइमझोनचा डेटा नसल्याने तिथे गुपचूप यूटीसी मिळतं. ‘आयएसटी-५:३०’ हे रूप सगळीकडे चालतं. उणे चिन्ह चुकून आलेलं नाही, पॉझिक्समध्ये ग्रिनिचच्या पूर्वेला उणे धरतात.

कंटेनरमध्ये टेस्ट रूट म्हणून चालतात आणि रूटला परवानग्या अडवत नाहीत. ‘वाचता न येणारी फाइल ‘ईॲक्सेस’ देते’ ही टेस्ट तिथे पडणारच. साधा वापरकर्ता बनवून त्याच्याखाली चालवा. शेअर्ड मेमरीच्या टेस्ट ‘सिगबस’ने मरत असतील तर डॉकरच्या ‘शम’ची ६४ एमबीची मूळ मर्यादा बघा.

सॅनिटायझर

सॅनिटायझर म्हणजे प्रोग्राम चालताना मेमरी, थ्रेड वगैरेंच्या चुका पकडणारी कंपायलरची तपासणी. ॲड्रेस आणि अनडिफाइन्ड बिहेविअर हे दोन सॅनिटायझर एकाच जॉबमध्ये चालतात. वेग साधारण निम्मा होतो. इथली मोठी फसवणूक अशी की अनडिफाइन्ड बिहेविअर सॅनिटायझर चूक छापतो आणि पुढे चालू लागतो. टेस्ट पासच होते. ‘नो सॅनिटाइझ रिकव्हर’ हा फ्लॅग ‘ऑल’ देऊन लावला तरच पहिल्या चुकीला प्रोग्राम थांबतो. बाइटच्या बफरकडे ३२ बिटी पॉइंटर वळवून वाचणं एक्स८६ वर निमूट चालतं, क्यूएमूही त्याबद्दल काही बोलत नाही. हाच सॅनिटायझर ते दाखवतो. उपाय ‘मेमकॉपी’.

थ्रेड सॅनिटायझर ॲड्रेस सॅनिटायझरबरोबर चालत नाही, त्याला स्वतंत्र जॉब द्या. तो ५ ते १५ पट हळू असतो, तेव्हा टेस्टची वेळमर्यादा प्रीसेटमधून वाढवा. सुरू होताच ‘अनपेक्षित मेमरी मॅपिंग’ म्हणून मेला तर दोष तुमच्या कोडचा नाही. कर्नलचं ‘व्हीएम डॉट एममॅप रँड बिट्स’ हे सेटिंग ३२ वरून २८ वर आणा.

बिग एंडियनची ओळ

उबुंटूवर तीन पॅकेज लागतात: एस३९०एक्ससाठीचं जीसीसी, त्याच आर्किटेक्चरचं सी लायब्ररीचं क्रॉस डेव्हलपमेंट पॅकेज आणि क्यूएमू यूजर स्टॅटिक. मधलं पॅकेज नाव घेऊन टाका. शिफारशीची पॅकेज वगळून इन्स्टॉल केलं तर ते येत नाही आणि साधे हेडरही सापडत नाहीत.

टूलचेन फाइलमध्ये सिस्टिमचं नाव लिनक्स, प्रोसेसर एस३९०एक्स आणि कंपायलरचं नाव द्या. मग ‘क्रॉसकंपायलिंग एम्युलेटर’मध्ये क्यूएमूचं नाव आणि मोठ्या ‘एल’ पर्यायाने ‘यूएसआर’खालची एस३९०एक्सची डिरेक्टरी द्या. सीटेस्ट हा एम्युलेटर आपोआप पुढे जोडतं, पण ‘ॲड टेस्ट’मध्ये टार्गेटचं नाव लिहिलं असेल तरच. फाइलचा पाथ लिहिला असेल तर ते बायनरी थेट चालवायला जातं आणि टेस्ट पडते.

टेस्टमधल्या किमती विचारपूर्वक निवडा. १६ बिटी लांबी म्हणून २५७ घेतलीत तर दोन्ही बाइट १ असतात, उलटे वाचले तरी २५७ च. ही टेस्ट काहीच सांगत नाही. २५८ घ्या. उलटं वाचलं की ५१३ येतं आणि चूक लगेच ओळखू येते. ३२ बिटींसाठी चारही बाइट वेगळे असलेली संख्या घ्या.

क्यूएमूवर थ्रेडच्या शर्यतींचा निकाल मानू नका. एक्स८६ यंत्रावर आर्म चालवलं तरी आर्मचं सैल ऑर्डरिंग बहुतेक वेळा दिसत नाही. त्यासाठी खरं आर्म यंत्रच हवं. ‘पीट्रेस’ही तिथे चालत नाही.

रोजचं चालवणं

पुल रिक्वेस्टवर थेट हार्डवेअरवरच्या ओळी, अल्पाइन, ३२ बिट आणि ॲड्रेस सॅनिटायझर ठेवा. थ्रेड सॅनिटायझर, एस३९०एक्स आणि फ्रीबीएसडी रात्री चालवा. पुल रिक्वेस्टचं उत्तर दहा मिनिटांत मिळालं नाही तर लोक उत्तराची वाट न बघता मर्ज करू लागतात.

अधूनमधून पडणारी टेस्ट पुन्हा चालवून हिरवी करू नका. सीटेस्टच्या ‘रिपीट’ पर्यायात ‘अंटिल-पास’ आहे, त्याला हात लावू नका. ‘अंटिल-फेल’ला ५० देऊन तीच टेस्ट पडेपर्यंत चालवा. थ्रेडची प्रत्येक नवी टेस्ट मर्ज करण्याआधी अशी ५० वेळा चालवून घ्या. वेळेवर अवलंबून टेस्ट असेल तर वरची मर्यादा लावूच नका, गर्दीच्या रनरवर १० मिलिसेकंदांची झोप २०० ची होते. खालच्या मर्यादेतही सूट ठेवा, कारण विंडोजचं साधं घड्याळ साधारण १६ मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी पुढे सरकतं.

एखाद्या प्लॅटफॉर्मवर जी सोय नाहीच, तिथे टेस्टने ७७ हा कोड परत द्यावा आणि सीटेस्टच्या ‘स्किप रिटर्न कोड’मध्ये ७७ नोंदवावा. वगळलेल्या टेस्टची यादी प्लॅटफॉर्मनिहाय फाइलमध्ये ठेवा आणि प्रत्यक्ष वगळलेल्या टेस्ट त्या यादीशी ताडून बघा. फरक दिसला की जॉब लाल. नाहीतर एखाद्या ओळीवरच्या निम्म्या टेस्ट हळूहळू वगळल्या जातात आणि रंग हिरवाच राहतो.

रात्रीच्या जॉबचं क्रॉन (वेळापत्रकाची ओळ) मुळात यूटीसीत धरलं जातं. भारतात रात्री २ वाजता हवा असेल तर आदल्या दिवशीचे २०:३०, आणि आठवड्याचा वार लिहीत असाल तर तोही एक दिवस मागे. सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस काही हालचाल झाली नाही, तर गिटहब हे वेळापत्रक बंद करतं. शांत, स्थिरावलेल्या लायब्ररीत असं नक्की घडतं, तेव्हा महिन्यातून एकदा शेवटच्या रात्रीच्या रनची तारीख बघून घ्या.